आटे मॉडेलमध्ये कोरावेत की नुसते लिहावेत?

आपला प्रश्न मला समजला तो असा. काम करायचा भाग (जॉब) धरून ठेवणारी, ॲल्युमिनियमची ४०० × ३०० × २० मिलिमीटरची फिक्स्चर प्लेट आहे, तिच्यावर ३० मिलिमीटर अंतराने एम ८ चे, म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाच्या मेट्रिक आट्यांचे, ९६ होल आहेत, आणि त्यांतल्या चारांच्या खाली गॅस्केट बसत असल्यामुळे ते चार ब्लाइंड, म्हणजे आरपार न जाणारे, आहेत. संगणकावरच्या मॉडेलमध्ये प्रत्येक होलला आपण खरे आटे कोरले, पुरवठादाराच्या संकेतस्थळावरून आट्यांसह ॲलन बोल्ट उतरवून घेतले, आणि आता पडद्यावर असेंब्ली, म्हणजे सगळे भाग जोडलेले मॉडेल, जागची हलत नाही. सहकाऱ्याच्या सांगण्यावरून आटे काढून होल साधा ६.८ चा केला, तर बोल्ट प्लेटमध्ये घुसल्याची सूचना येते, म्हणून तो ८ चा करावा का, असे आपण विचारता. शिवाय नमुना म्हणून प्लेटचा एक तुकडा आट्यांसह थ्रीडी प्रिंट केला, स्लायसरमध्ये, म्हणजे प्रिंटरसाठी मॉडेलचे थर पाडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तो १०२ टक्के मापाचाही केला, तरी बोल्ट तीन-चार आटे जाऊन अडकतो.

या सगळ्या अडचणींचे मूळ एकच आहे, आणि ते सॉफ्टवेअरमध्ये नाही. मॉडेलमधला आटा नेमका कोण वाचणार आहे, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे. आपली प्लेट व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशिनवर) होणार असेल, तर ऑपरेटर ६.८ चे ड्रिल मारेल, मग एम ८ चा टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, लावेल, मिनिटाला ५०० फेरे आणि ६२५ मिलिमीटर फीड (पुढे सरकण्याचा वेग) देईल, आणि आटा पडेल. ६२५ हा आकडा ५०० ला १.२५ पिचने, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधल्या अंतराने, गुणून येतो, एवढाच मशिनचा आणि आट्याच्या आकाराचा संबंध. आट्याचा कोन, त्याची टोके, त्याचे तळ हे सारे टॅप बनवणाऱ्याने टॅपवर आधीच घासून ठेवलेले असते. आपण कष्टाने कोरलेला नागमोडी पृष्ठभाग त्या मशिनपर्यंत पोचतच नाही. थ्रीडी प्रिंटरचे मात्र अगदी उलट आहे. त्याच्याकडे टॅप नाही, मॉडेलमध्ये जो आकार आहे तोच तो बनवणार. म्हणून मी गेली अठरा वर्षे फिक्स्चर डिझाइन करताना एकच कसोटी लावतो: आटा हत्यार पाडणार असेल तर तो माहिती म्हणून लिहायचा, आणि आटा मॉडेलच्या आकारातूनच जन्मणार असेल तरच तो कोरायचा.

संगणक का अडकतो, याचा एक अंदाज कागदावर मांडून पाहू. २० मिलिमीटर जाडीत १.२५ पिचचे १६ फेरे येतात, म्हणजे ९६ होलमध्ये १,५३६ फेरे. प्रत्येक फेऱ्यात दोन कलते पृष्ठभाग, एक टोक आणि एक तळ, अशा चार पट्ट्या असतात. पडद्यावर दाखवण्यासाठी प्रत्येक पट्टीचे अगदी तीसच तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला दोन त्रिकोण धरले, तरी एका फेऱ्याला २४० त्रिकोण होतात आणि सगळे मिळून ३,६८,६४० भरतात. तेच ९६ साधे होल त्याच हिशेबाने ५,७६० त्रिकोणांत दिसतात. हे झाले केवळ दाखवण्याचे. त्याखाली नागमोडी पृष्ठभागांचे गणित असते, आणि एखादे माप बदलले की ते बहुधा पुन्हा करावे लागते. बोल्टवरच्या आट्यांचा भार यात अजून धरलेलाच नाही.

कागदावर ड्रॉइंग काढणाऱ्या पिढीने हा प्रश्न फार आधी सोडवला होता. होलकडे समोरून पाहताना आतला लहान व्यास जाड पूर्ण वर्तुळाने आणि बाहेरचा मोठा व्यास बारीक रेषेच्या पाऊण वर्तुळाने दाखवायचा, हा संकेत आयएसओ ६४१० मध्ये आजही तसाच आहे. ते पाऊण वर्तुळ दिसले की कोणीही टर्नर, फिटर किंवा तपासनीस ‘येथे आटे आहेत’ असे वाचतो. सॉफ्टवेअरमधला कॉस्मेटिक थ्रेड, म्हणजे न कोरता नुसता दाखवलेला आटा, हा याच संकेताचा वारस. तो कोरलेल्या आट्यापेक्षा हलक्या दर्जाचा आहे, असे मनात मुळीच आणू नये.

सॉलिडवर्क्स या मॉडेल करण्याच्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी होल विझार्ड हा आदेश वापरावा, नुसता गोल काढून कट देऊ नये. विझार्डने केलेल्या होलला आपण एम ८ चे टॅप केलेले होल आहोत हे माहीत असते आणि ड्रॉइंगमधला होल कॉलआउट, म्हणजे होलची नोंद, ती माहिती आपोआप उचलतो. फ्यूजनमध्ये थ्रेड देताना ‘मॉडेल्ड’ अशी एक खूण असते, ती न करता सोडली की आट्यांचे केवळ चित्र पृष्ठभागावर चिकटते. फ्रीकॅडच्या होल आदेशातही आटे नुसते नोंदवायचे की प्रत्यक्ष कोरायचे, ही निवड वेगळी आहे. एक होल करून त्याचे पॅटर्न (ठरावीक अंतराने प्रती) घ्यावे, म्हणजे उद्या एम ८ चा एम १० करायचा झाला तर बदल एकाच ठिकाणी होईल.

आता बोल्ट घुसल्याच्या सूचनेविषयी. बोल्टचा दांडा ८ चा, होल ६.८ चा, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.६ मिलिमीटरचे कडे एकमेकांत घुसलेले दिसणारच, कारण ते कडे म्हणजेच आट्यांची जागा आहे. ही चूक नाही. किंबहुना टॅप केलेल्या होलमध्ये असे कडे दिसले नाही, तर मी होल पुन्हा तपासतो. सॉलिडवर्क्सच्या इंटरफिअरन्स तपासणीत नट-बोल्टांच्या अशा जागा वेगळ्या फोल्डरमध्ये टाकण्याची सोय आहे, ती चालू करावी, म्हणजे खऱ्या टकरी वेगळ्या दिसतील. सूचना नको म्हणून होल ८ चा करणे हा मात्र सर्वांत महाग पडणारा उपाय आहे.

हे मी अनुभवाने सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका प्लेटमध्ये नेमके हेच केले होते. मॉडेलमध्ये होल ८ चे होते, ड्रॉइंगवर एम ८ लिहिले होते, पण घाईत आम्ही मशिनिंगसाठी फक्त स्टेप फाइल, म्हणजे वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडणारी मॉडेलची फाइल, पाठवली आणि ड्रॉइंग दुसऱ्या दिवशी गेले. त्या रात्रीच्या पाळीत चौदा होल ८ च्या ड्रिलने आरपार झाले. सकाळी फिटरने टॅप हातात घेतला, तो होलात नुसता सोडला, आणि टॅप कुठेही न टेकता खालच्या टेबलावर पडला. तो आवाज मी विसरलेलो नाही. प्लेट वाचली ती हेलिकॉइलमुळे, म्हणजे होलात बसवायच्या तारेच्या आट्यांमुळे: एम ८ च्या हेलिकॉइलसाठी सुमारे ८.३ चे ड्रिल आणि त्याचा खास टॅप लागतो, त्यामुळे ८ चे होल मोठे करून त्यांत तारेचे इन्सर्ट बसवता आले. ॲल्युमिनियममध्ये असे इन्सर्ट चांगले टिकतात. परंतु चौदा इन्सर्ट, तो टॅप आणि दोन दिवस यांचा भुर्दंड एका चुकीच्या व्यासामुळे पडला.

त्यातून दुसरी गोष्टही लक्षात आली. स्टेप फाइलमध्ये कॉस्मेटिक थ्रेड सहसा जात नाही. पलीकडच्या माणसाला ६.८ चा एक साधा दंडगोल दिसतो, आणि तो आटा आहे, डॉवेलसाठी (जागा पक्की करणाऱ्या पिनेसाठी) आहे की हवेचे छिद्र आहे, हे त्याने कशावरून ओळखावे? म्हणून स्टेपसोबत पीडीएफ ड्रॉइंग एकाच वेळी, एकाच आवृत्ती क्रमांकाने पाठवणे हा आमच्याकडे नियम झाला. त्याच्या जोडीला मी टॅप केलेल्या होलच्या आतल्या पृष्ठभागाला ठरावीक रंग देतो आणि त्या रंगाचा अर्थ ड्रॉइंगवर लिहितो. बहुतेक प्रोग्रॅममध्ये रंग स्टेपमधून पलीकडे पोचतो आणि कॅम प्रोग्रॅमर, म्हणजे मशिनचा प्रोग्रॅम तयार करणारा, तो पाहून लगेच सावध होतो. खरे आटे कोरून पाठवले तर उलटी अडचण होते: कॅम सॉफ्टवेअर होल ओळखते ते सरळ दंडगोलावरून, आणि आटे कोरल्यावर तो दंडगोलच कापला गेलेला असतो.

होलचा व्यास ६.८ च का, यावरही थोडे थांबायला हवे. एम ८ × १.२५ च्या आतल्या आट्याचा लहान व्यास ६एच या टॉलरन्समध्ये (मापात चालणाऱ्या फरकाच्या दर्जात) ६.६४७ ते ६.९१२ या मर्यादेत चालतो आणि ६.८ चे ड्रिल त्याच्या मधे बसते. पण हे कापणाऱ्या टॅपसाठी झाले. ॲल्युमिनियममध्ये अनेक ठिकाणी फॉर्म टॅप वापरतात. तो धातू कापत नाही, दाबून आट्यांमध्ये चढवतो, त्याला चिप (धातूचा कीस) येत नाही, आणि त्याच्यासाठी सुरुवातीचे ड्रिल सुमारे ७.४ चे लागते. म्हणजे तोच एम ८, पण ड्रिल वेगळे. म्हणून ड्रॉइंगवर ‘६.८ ड्रिल’ अशी सक्ती न करता ‘एम ८ × १.२५ – ६एच, आरपार, ९२ ठिकाणी’ असा आटा लिहावा आणि तो कसा पाडायचा ते मशिनवरच्या माणसावर सोडावे. हे आपण कुठे काम करून घेता त्यावर थोडे अवलंबून आहे. लहान वर्कशॉपमध्ये, जिथे टॅपिंग हाताने होते, तिथे ड्रिलचा आकडाही लिहून दिलेला लोकांना आवडतो. तसे असेल तर लिहावा, पण आट्याच्या नोंदीच्या जागी नव्हे, तिच्या जोडीला. होलच्या तोंडाला ८.५ पर्यंत चॅम्फर (तिरपी कड) मात्र न विसरता द्यावा. तो नसला की पहिला आटा वर उचलला जातो आणि प्लेटवर ठेवलेला जॉब सपाट बसत नाही.

बोल्टांचे मॉडेल कसे असावे? दांड्यावरचा आटा कोणी पाहत नाही, डोक्याची मापे मात्र अगदी खरी हवीत. आयएसओ ४७६२ प्रमाणे एम ८ ॲलन बोल्टचे डोके १३ व्यासाचे आणि ८ उंचीचे असते, त्याला ६ ची ॲलन की लागते, बोल्ट आरपार जाण्याच्या होलचे नेहमीचे माप ९ असते, आणि डोके आत बसवायचा काउंटर बोअर मी १५ चा देतो. असेंब्लीत बघायचे ते हे, की डोके कशाला लागत नाही ना, आणि की फिरवायला हाताला जागा आहे ना. सॉलिडवर्क्सच्या टूलबॉक्समध्ये, म्हणजे तयार नट-बोल्टांच्या संग्रहात, आटा कसा दाखवायचा याची निवड आहे; तिथे साधे किंवा कॉस्मेटिक रूप निवडावे, म्हणजे दांडा गुळगुळीत राहतो. उतरवून घेतलेले बोल्ट ठेवायचेच असतील, तर त्यांच्या दांड्यावरचे आट्यांचे पृष्ठभाग काढून ८ चा सरळ दांडा करावा. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि तो बोल्ट पुढे कायम उपयोगी पडतो.

बोल्टची लांबी मॉडेलवरूनच ठरवावी. पोलादात साधारण व्यासाइतका आटा धरला तरी चालतो, ॲल्युमिनियममध्ये मी व्यासाच्या दीडपट ते दुप्पट, म्हणजे १२ ते १६ मिलिमीटर आटा धरेल असे पाहतो. रोज काढघाल होणाऱ्या फिक्स्चरला १६ कडेच झुकावे. समजा वर बसणारा भाग १५ जाड आहे आणि त्यात ८.५ खोल काउंटर बोअर आहे, तर डोक्याखाली ६.५ राहतात, त्यात १६ मिळवले की २२.५ होतात, बाजारात २० आणि २५ लांबीचे बोल्ट मिळतात, म्हणून २५ चा घ्यावा. तो प्लेटच्या आरपार होलांत १८.५ जाईल आणि खालून बाहेर येणार नाही.

आपल्या चित्रात आणखी एक गोष्ट दिसली, जी आपण विचारलेली नाही. प्लेटच्या कडेला तेलाचा पोर्ट (फिटिंग जोडायचे तोंड) ‘एम १३’ असा दाखवला आहे. फिटिंगचा व्यास मोजून तो १३.१ आला असणार. एम १३ हा आयएसओच्या मेट्रिक मालिकेत नाहीच; हा पाव इंची बीएसपी (ब्रिटिश पाइप मालिकेचा) आटा आहे, व्यास १३.१५७, इंचाला १९ आटे, आणि कोन मेट्रिकसारखा ६० अंशांचा नव्हे, तर व्हिटवर्थ पद्धतीचा ५५ अंशांचा. त्याचेही सरळ आणि निमुळता असे दोन प्रकार आहेत: सरळ आटा तोंडाजवळच्या वॉशरवर तेल थोपवतो, तर निमुळता आटा आट्यांतच घट्ट होतो. कोणता आहे ते फिटिंग हातात घेऊन ठरवावे आणि ड्रॉइंगवर तसे स्पष्ट लिहावे. चुकीचा आटा येथे पडला तर गळती क्लॅम्पिंगच्या दाबावर सुरू होईल, टेबलावर तपासताना दिसणार नाही.

थ्रीडी प्रिंटमध्ये मात्र आटे खरोखरच कोरावे लागतात. बाटलीच्या झाकणाच्या मोल्डचेही तसेच आहे, कारण तिथेही आकारच आटा घडवतो. तीन-चार आट्यांनंतर बोल्ट अडकला, या आपल्या एका वाक्यात निदान दडले आहे. स्लायसरमध्ये सगळे १०२ टक्के केले, म्हणजे व्यासाबरोबर पिचही वाढली: १.२५ ची १.२७५ झाली. प्रत्येक फेऱ्याला ०.०२५ चा फरक साठतो, चार फेऱ्यांत ०.१ होतो, आणि तोवर बोल्टचे आटे प्लॅस्टिकच्या आट्यांच्या कडांवर चढलेले असतात. पुढे जितका जोर लावाल तितका प्लॅस्टिकचा आटा खरवडला जाईल. आटे असलेला भाग आट्याच्या अक्षाच्या दिशेने कधीही मोठा-लहान करू नये.

बरे, फक्त व्यास ०.३ ने वाढवला तर? तेही पाहू. व्यास ०.३ वाढला म्हणजे पृष्ठभाग बाहेर ०.१५ सरकला, पण ६० अंशांच्या आट्याची कड अक्षाला लंब असलेल्या प्रतलाशी ३० अंश कलती असल्यामुळे कडांच्या मधे प्रत्यक्ष मोकळीक त्याच्या निम्मीच, म्हणजे ०.०७५ मिळते. वितळलेल्या तारेने छापणाऱ्या प्रिंटरला ती पुरत नाही. म्हणून आट्यांच्या सर्व पृष्ठभागांना त्यांच्याच लंब दिशेने सरकवण्याची ऑफसेट सुविधा वापरावी. मी आतल्या आट्याला ०.१ पासून सुरुवात करतो आणि दोन-तीन आट्यांचे छोटे तुकडे छापून बोल्ट फिरवून पाहतो. अचूक आकडा आपला प्रिंटर, नोझल आणि प्लॅस्टिक यांवर ठरतो, म्हणून माझा आकडा तसाच्या तसा घेऊ नये. एम १० च्या खाली मी सहसा आटा छापतच नाही. पिच १.२५ आणि थर ०.२ असेल तर एका आट्याला जेमतेम सहा थर मिळतात. एम ४ ला तर साडेतीन. आपल्या नमुन्यासाठी होल साधा छापून त्यात एम ८ चा टॅप हाताने मारला, किंवा गरम करून बसवायचे पितळी इन्सर्ट घातले, तर जास्त भरवशाचे होईल.

कोरायचेच झाले तर स्वीप, म्हणजे त्रिकोणी छेद मळसूत्री वाटेने फिरवून दिलेला कट, तुटू नये म्हणून दोन गोष्टी सांभाळाव्यात. त्रिकोणाचे टोक अणकुचीदार ठेवू नये आणि शेजारच्या फेऱ्यांचे त्रिकोण एकमेकांना टेकू देऊ नयेत. मेट्रिक आट्यात मोठ्या व्यासाला पिचचा आठवा भाग आणि होलच्या लहान व्यासाला पाव भाग सपाट असतो, तो ठेवला की शून्य जाडीच्या कडा तयार होत नाहीत. आणि हेलिक्स (ती मळसूत्री वाट) पृष्ठभागापासून सुरू न करता एक पिच बाहेरून सुरू करावी, म्हणजे आटा पृष्ठभागावर हळूहळू उमटतो, भिंतीसारखा उभा राहत नाही.

शेवटी ते चार ब्लाइंड होल, ज्यांची मला खरी काळजी वाटते. आपण १२ मिलिमीटर आटा दाखवला आहे आणि मॉडेलमध्ये होलही सपाट तळाचा १२ चाच आहे. टॅपच्या टोकाशी काही आटे निमुळते असतात आणि खाली चिपलाही जागा लागते, म्हणून ड्रिल आट्यापेक्षा खोल जावे लागते. साधारण पाच पिच धरल्या तर ६.२५. त्याखाली ११८ अंशांच्या ड्रिलचे टोक, ते ६.८ व्यासाला सुमारे २.०४. म्हणजे १२ अधिक ६.२५ अधिक २.०४, बेरीज २०.३ च्या घरात, आणि प्लेट २० ची. ड्रिल खालून बाहेर पडेल आणि नेमके गॅस्केटच्या जागेवर पडेल. ब्लाइंड होलसाठी मिळणारा स्पायरल फ्लूटचा (पिळदार खाचांचा) टॅप वापरून तीन पिचवर भागवले, तर १७.८ वर काम थांबते आणि तळाला २.२ उरतात. तेवढे पुरेल, पण टॅपचा प्रकार आणि ड्रिलची खोली या दोन्ही गोष्टी ड्रॉइंगवर लिहायला हव्यात, ऑपरेटरच्या अंदाजावर सोडता येणार नाहीत. प्लेट २५ ची करता येत असेल तर मी तीच करेन. ते जमत नसेल, तर आधी मॉडेलमध्ये त्या चार होलना ड्रिलच्या टोकाचा शंकू द्यावा आणि तेथूनच प्लेटचा छेद घेऊन पाहावा. उरलेली जाडी मग डोळ्यांसमोर राहील.